सहीतला वळसा

वेळापत्रकावर बोट ठेवून बाईंनी तिसऱ्यांदा मोजलं. सोमवारी दोन, मंगळवारी तीन, बुधवारी दोन, गुरुवारी दोन, शुक्रवारी तीन, शनिवारी एक. तेरा. आधीच्या दोन वेळांनाही तेराच आले होते. पण बाई भूगोल शिकवायच्या, गणित नव्हे, तेव्हा आपलंच काही चुकत असेल अशी एक वेडी आशा त्यांनी धरून ठेवली होती.

शिक्षकखोलीतल्या त्या मोठ्या तक्त्यावर प्रत्येकाचा एक रंग ठरलेला असे. बाईंचा हिरवा. सव्वीस वर्षं तक्त्यावर हिरवे चौकोन दाटीवाटीनं बसलेले असायचे, आठवड्याला चोवीस. यंदा ते इकडेतिकडे विखुरले होते आणि मधली सगळी जागा पिवळ्यानं बळकावली होती. पिवळा रंग शाळेतल्या दुसऱ्या भूगोल शिक्षिकेचा. तिला येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती आणि मुलं तिला छोट्या बाई म्हणत. पिवळे चौकोन बाईंनी मोजले नाहीत. ते न मोजताही डोळ्यांत खुपत होते.

तक्त्याखाली सह्यांचा कागद टाचला होता. नवं वेळापत्रक मान्य आहे म्हणून प्रत्येकानं आठवड्याच्या आत आपापल्या नावासमोर सही करायची, ही शाळेची पद्धत. बहुतेकांनी केली होती. बाईंच्या नावासमोरची जागा कोरी होती, आणि नवल म्हणजे छोट्या बाईंच्या नावासमोरचीही.

म्हणजे थोडी लाज शिल्लक आहे म्हणायची, बाईंच्या मनात आलं.

"सही करू नका," मागून आवाज आला.

विज्ञानाचे सर होते. शिक्षकांच्या संघटनेचं काम ते बघत. साधा चहा मागवायचा झाला तरी कुठल्यातरी नियमाचा आधार देत, म्हणून सगळे त्यांना कलमसर म्हणत. त्यांनाही ते नाव आवडायचं.

"तासिका कमी करायला तुमची लेखी संमती लागते, बाई. तिथे सही केलीत की झाली संमती. आणि सोळाच्या खाली गेलात की पूर्णवेळच्या अर्धवेळ झालात. मग वर्गशिक्षक नाही, नकाशांची खोली नाही, जेवणाच्या सुट्टीनंतर घरी."

"मग काय करू? रोज इथे उभी राहून मोजू?"

"हरकत लिहून द्या. हेडसरांना सुनावणी घ्यावीच लागेल. नववीची एक तुकडी बंद झाली, भूगोलाचे तास घटले, सगळं कबूल. पण कात्री लावायची ती सेवेत शेवटी आलेल्याला. तुम्हाला नाही."

शेवटी आलेल्याला. हे दोन शब्द बाईंना इतके गोड लागले की त्यांनी ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले.

"एवढंच की," कलमसर पुढे म्हणाले, "गेल्या वर्षी तुमच्या तासिका पूर्ण भरलेल्या हव्यात. तासिकावहीत सही ज्याची, तास त्याचा. खाडे नाहीत ना कुठे?"

बाईंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"दोन महिने होते. ताईचं ऑपरेशन झालं होतं ना, पाचव्या तासानंतर जायचे मी तिच्याकडे. शेवटचे दोन तास राहायचे."

"रजेचा अर्ज?"

"अर्ज कसला! जुन्या हेडबाईंनी तोंडी सांगितलं होतं. जा तू, आम्ही बघतो इथलं, म्हणाल्या."

"मग ते तास घेतले कुणी?"

"कोण घेणार? तिनंच."

कलमसरांनी पिवळ्या चौकोनांकडे पाहिलं. "म्हणजे वहीत तिची सही असणार. दोन महिने, रोजचे तास, सगळे तिच्या खात्यात. आणि नव्या हेडसरांचा कागदाखेरीज कशावर विश्वास नाही. तरी वह्या बघून घ्या. सुनावणीला त्याच समोर येतील."

बाईंना वह्या बघायची गरज वाटत नव्हती. ते दोन महिने त्यांना तोंडपाठ होते. ताई हिंडूफिरू लागल्यावर त्या पूर्ण वेळ शाळेत आल्या आणि नववीच्या वर्गात त्यांनी एका मुलीची वही सहज उघडली. नद्यांचा अख्खा धडा संपलेला. पानभर नकाशा, निळ्या रंगात नद्या, तपकिरी रंगात डोंगर. "छोट्या बाईंनी फळ्यावर हातानं काढला, कशातही न बघता," ती मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं कौतुक बघून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण नकाशा किनाऱ्यापासून सुरू करायचा, खडू आडवा धरायचा, नदी उगमाकडून काढायची, मुखाकडून नाही, हे सगळं बाईंचं होतं. चोरी म्हणावी तर तीही नव्हती. बाईंनीच ते तिला शिकवलं होतं.

छोट्या बाई याच शाळेत, बाईंच्याच वर्गात शिकलेल्या. दोन वेण्या, पहिला बाक, आणि बाईंच्या मागे मागे. नकाशांची गुंडाळी वाहून न्यायचा मान कायम तिचा. एकदा तर वहीच्या मागच्या पानावर ती बाईंची सही गिरवत बसलेली सापडली होती. वीस-पंचवीस वेळा, एकाखाली एक. बाई रागावणार होत्या, पण शेवटची सही बघून हसूच फुटलं. "माझ्यापेक्षा तुझीच बरी आलीय गं," असं त्या म्हणाल्याही होत्या. तेव्हा अशा गोष्टींचं कौतुक वाटायचं.

"तुझ्याच हाताखालची पोरगी ना ती?" कलमसरांशी बोलणं झालं त्या संध्याकाळी हरकतीचा कागद वाचता वाचता नवऱ्यानं विचारलं.

"म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"परकी असती तर एवढं पोटात दुखलं नसतं," बाई म्हणाल्या आणि आपण हे बोलून गेलो याचा त्यांनाच राग आला. "सही कुठे करायची ते सांगा."

नवऱ्यानं बोट दाखवलं. बाईंनी सही केली. आठ वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं, तेव्हापासून त्या सही झटकन सरळ संपवत. शेवटच्या अक्षराला खाली ओढून, अख्ख्या नावाखालून मागे नेऊन पुन्हा वर आणायचा जो ऐटदार वळसा त्या पूर्वी काढत, तो काढताना मनगटात कळ यायची. सोडूनच दिला होता त्यांनी तो.

दुसऱ्या दिवशी छोट्या बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं. हाताला खडू लागलेला, काखेत वह्यांचा गठ्ठा.

"बाई, मी नव्हते हो मागितले जास्तीचे तास."

"असं? मग हेडसरांनी जबरदस्तीनं घशात घातले वाटतं."

"मी त्यांना म्हटलं होतं की आधी तुमच्याशी बोला. ते म्हणाले, निकाल बघून ठरवलंय."

निकाल. बाईंना कुणीतरी सगळ्या शाळेदेखत तोंडात मारावी तसं झालं. "मग शंकाच मिटली," त्या म्हणाल्या. "तुझे निकाल, तुझी मुलं. मी आपली नकाशे झटकत बसते."

"बाई, असं नका ना बोलू."

बाई पुढच्या पायऱ्या चढून गेल्या. वर पोचल्यावर त्यांना धाप लागली होती, पण ती तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला.

सुनावणीला तीन दिवस उरले तेव्हा त्या कार्यालयात गेल्या. कारकुनानं कपाट उघडून गेल्या वर्षीच्या वह्या टेबलावर ठेवल्या, धूळ उडाली, तो शिंकला आणि बाहेर गेला. प्रत्येक वर्गाची एक वही. तास संपला की काय शिकवलं ते शिक्षकानं एका ओळीत लिहायचं आणि पुढे सही करायची. बाईंनी नववीची वही ओढली आणि ते दोन महिने शोधू लागल्या. तिची ती बुटकी, गोल सही बघायची तयारी त्यांनी मनाशी केली होती. खरं सांगायचं तर ती बघावी, मोजावी आणि एकदाचं पोटभर जळून घ्यावं, असंच त्यांना वाटत होतं.

सहावा तास. नद्या आणि त्यांची खोरी. पुढे सही.

सही बाईंची होती.

बाईंनी चष्मा वर सरकवला. पान उलटलं. सहावा तास, सातवा तास. पठारांचे प्रकार. सही बाईंची. नकाशावाचन. सही बाईंची. त्यांनी आठवीची वही घेतली, मग दहावीची. ज्या दुपारी त्या ताईच्या खाटेजवळ बसून तिला मोसंब्याचा रस पाजत होत्या, त्या सगळ्या दुपारी त्या शाळेत होत्या. एकही खाडा नाही.

क्षणभर त्यांना आपल्याच डोक्याची शंका आली. मग त्यांनी त्यातली एक सही नीट पाहिली. शेवटचं अक्षर खाली आलं होतं, अख्ख्या नावाखालून मागे गेलं होतं आणि डौलानं पुन्हा वर चढलं होतं. वळसा. आठ वर्षांत बाईंनी एकदाही न काढलेला. मागची पानं त्यांनी पडताळली. तिथल्या त्यांच्या स्वतःच्या सह्या तुटक, सरळ, घाईच्या. आणि मग ही दोन महिन्यांची रांग, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या प्रगतिपुस्तकांवर असायची तशी.

बाई खुर्चीत बसल्या. तिनं मुलांना शिकवलं होतं आणि तास बाईंच्या नावावर टाकले होते. स्वतःच्या वाट्याला एकही ठेवला नव्हता.

डोळे भरून यायला हवे होते. आले नाहीत. आधी आला तो राग. मला न विचारता माझ्यावर उपकार करणारी ही कोण? मग त्यांनी त्या वळशावरून बोट फिरवलं, आणि जे वाटलं ते कबूल करायला त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सही सुंदर होती. आपल्यापेक्षा हिचीच बरी येते, आजही.

कारकून परत आला तेव्हा बाईंनी वह्या नीट रचून ठेवल्या.

"सापडलं का, बाई?"

"हो. सगळं पूर्ण आहे."

कलमसरांना तर आनंद मावेना. "मग हातात सगळे पुरावेच आहेत की! तुम्ही उगाच घाबरवलंत मला. चोवीस तुमचे, तेरा तिचे. बोलायचीही गरज नाही, वह्याच बोलतील."

वह्या बोलतील. पुढचे तीन दिवस बाईंनी हे वाक्य मनाशी घट्ट धरून ठेवलं. आपण खोटं बोलणार नाही. आपण गप्प बसणार, आणि गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. एकदोनदा वाटलं, तिला बाजूला घ्यावं, विचारावं. पण विचारलं तर ती सांगेल, आणि तिनं सांगितलं तर मग बाईंना माहीत असेल. त्यापेक्षा नकोच ते.

सुनावणी हेडसरांच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे हेडसर, अलीकडे बाई आणि कलमसर, आणि तासांवर परिणाम होणारी दुसरी शिक्षिका म्हणून कडेच्या खुर्चीत छोट्या बाई. तासावरून तशीच उठून आली होती. बोटांना पिवळा खडू होता.

कलमसरांनी नियम वाचून दाखवला. हेडसर शांतपणे ऐकत होते. ते वाईट नव्हते, फक्त नवे होते आणि त्यांना सगळं लेखी लागायचं.

"माझ्या कानावर आलं होतं की गेल्या वर्षी बाई बरेच दिवस दुपारी नसायच्या," ते म्हणाले. "पण कानावर आलेलं मी धरत नाही. वही धरतो. आणि वहीप्रमाणे तास पूर्ण आहेत." त्यांनी पान उलटलं. पुन्हा मागचं पान काढलं. दोन्ही पानं शेजारी धरली.

"या सह्या मात्र वेगळ्या आहेत, बाई."

कलमसरांनी मान पुढे काढली.

"हे बघा. इथे सही सरळ संपते. या दोन महिन्यांत खाली मोठा वळसा आहे. मग पुन्हा सरळ." हेडसरांनी चष्म्यावरून पाहिलं. "या तुमच्याच का? कारण नसतील, तर तुमच्या तासांचा प्रश्न बाजूलाच राहिला. शाळेच्या वहीत खोटी सही झाली, असा त्याचा अर्थ. मग ती करणाऱ्याला मी तेरा तासांवरही ठेवू शकणार नाही."

छोट्या बाई टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. पहिल्या बाकावर उत्तर चुकल्यावर बघायची तशीच. ओठ घट्ट मिटलेले, मान खाली, आणि एका हाताच्या बोटांवरचा खडू दुसऱ्या हातानं चोळणं चाललेलं.

नाही म्हटलं की ती गेली. सगळे पिवळे चौकोन गेले, फळ्यावरच्या निळ्या नद्या गेल्या, त्या मुलीच्या डोळ्यांतलं कौतुक गेलं. हे सगळं बाईंना एका क्षणात लख्ख दिसलं. हो म्हटलं की ती वाचली. आणि हो म्हटलं की चोवीसच्या चोवीस आपले, हेही त्याच क्षणात दिसलं. या दोहोंतलं आधी काय दिसलं, ते नंतर कितीही आठवून बाईंना सांगता आलं नसतं.

"माझ्याच आहेत," त्या म्हणाल्या.

"मग अशा दोन तऱ्हेच्या?"

"मनगट मोडलं होतं माझं. दुखत असलं की सरळ संपवते. बरं असलं की वळसा काढते. जुनी सवय आहे."

हेडसरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "करून दाखवता?"

बाईंनी पेन घेतलं. नाव लिहिलं. शेवटच्या अक्षरापाशी हात आठ वर्षांच्या सवयीनं थांबायला गेला, तो त्यांनी खाली ओढला. कळ पार कोपरापर्यंत गेली. नावाखालून मागे, मागे, आणि पुन्हा वर. थोडा थरथरला, पण आला.

हेडसरांनी कागद वहीशेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं.

"हं. आहे," ते म्हणाले. "मग माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. ज्येष्ठतेप्रमाणे चोवीस तुमचे. छोट्या बाई, तुम्हाला तेरा. तुमची हरकत असेल तर लेखी द्या."

"माझी हरकत नाही," छोट्या बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर कलमसर बातमी सांगायला शिक्षकखोलीकडे धावले. व्हरांड्यात दोघीच उरल्या. बाई मनगट दाबत होत्या.

"बाई, तुम्ही वळसा कधी सोडलात?"

"मनगट मोडलं तेव्हा. आठ वर्षं झाली."

"मला माहीतच नव्हतं." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मागच्या पानावर बघायचंसुद्धा सुचलं नाही. तुमची सही मला पाठच होती."

"कशाला केलंस असलं? तुझे तास होते ते. तू शिकवलंस."

"तुम्ही नव्हता म्हणून शिकवलं. तुमच्या नावावर खाडे दिसायला नको होते. तेव्हा कुठे ठाऊक होतं, पुढे असं काही होईल." तिनं डोळे पुसले, खडूचा पिवळा डाग गालाला लागला. "आज तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी संपले होते. वाचवलंत मला, बाई."

बाईंना तो डाग पुसावासा वाटला. त्याहून जास्त असं वाटलं, की हिनं आभार मानायचं आधी थांबवावं. वाट्टेल ते बोलावं हिनं, भांडावं, पण एवढं नको. आणि हेही सगळं आपल्यापेक्षा हिलाच चांगलं जमतं.

शेवटून दुसऱ्या तासाची घंटा झाली.

"जा आता," बाई म्हणाल्या. "नववीवर तास आहे तुझा."

"नाही, बाई," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "तो आता तुमचा आहे."

बाई नववीत गेल्या. फळ्यावर तिचा अर्धा नकाशा होता, किनारा झालेला आणि दोन नद्या. तो पुसायचा की पुरा करायचा हे त्यांना ठरवता येईना, तेव्हा त्यांनी पुस्तक उघडून वाचायला सांगितलं. अर्ध्या तासानं फाटक वाजलं आणि खिडकीजवळची तीन-चार मुलं उठून उभी राहिली. छोट्या बाई पिशवी घेऊन घरी निघाल्या होत्या. मुलांनी हात हलवले. खालून तिनंही हलवला. बाईंनी मुलांना खाली बसा म्हटलं नाही. त्याही बघत होत्या, आणि इतकं होऊनही आत कुठेतरी ते जळणं होतंच, जसंच्या तसं.

तास संपला. वर्गाच्या मॉनिटरनं वही आणून उघडी ठेवली. बाईंनी धड्याचं नाव लिहिलं आणि सही केली, नेहमीसारखी, सरळ. मग हेडसरांच्या खोलीतला कागद आठवून त्यांनी पेन पुन्हा टेकवलं, शेवटच्या अक्षराला खाली ओढलं आणि नावाखालून मागे नेलं. मनगटात कळ आली. असे आता आठवड्याला चोवीस काढायचे होते.

वळसा वाकडा आला. मॉनिटर म्हणाली, "बाई, गेल्या वर्षी आमच्या आठवीच्या वहीत छान यायचा."